‘जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत’ म्हणजे नेमकं काय? रसायनशास्त्रज्ञाचं काम मोजतात कसं

पावसाळा सरता सरता रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या स्थानिक पानांवर एक बातमी हमखास येते. इथल्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या, किंवा मुंबई-पुण्याला असलेल्या पण मूळच्या इथल्या एखाद्या प्राध्यापकांचा ‘जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत’ समावेश झालेला असतो. सोबत शाल-श्रीफळाचा फोटो आणि मजकुरात आकडे: इतके शोधनिबंध, इतकी सायटेशन्स, एच-इंडेक्स अमुक. पुष्कळदा ही मंडळी रसायनशास्त्राची असतात. वाचून अभिमान वाटतो, आणि वाटायलाच हवा. पण त्यांनी शोधलं काय, हे बातमीत क्वचितच असतं. ते आकडे कशाचे, हे तर कुणीच सांगत नाही.

हे समजून घेण्याची गरज आहे, कारण प्राध्यापकांच्या नेमणुका, बढत्या आणि संशोधनाचा निधी आज बऱ्याच अंशी या आकड्यांवर ठरतो. आणि कोकणच्या दृष्टीने आणखी एक कारण आहे. रसायनशास्त्राचा या किनाऱ्याला जो उपयोग होतो, त्यातला मोठा भाग या आकड्यांत उतरतच नाही.

आमसुलाच्या आंबटपणापासून सुरुवात करू

रातांब्याची साल आंबट लागते हे कोकणातल्या पोराला सांगावं लागत नाही. ती कशामुळे आंबट, हा रसायनशास्त्रज्ञाचा प्रश्न. कोकमाचा एक जवळचा भाऊबंद केरळात पिकतो, मलबारी चिंच. तिथे ती माशाच्या कालवणात घालतात. तिच्यातलं आम्ल टार्टारिक किंवा सायट्रिक असावं असा आधी समज होता. १९६५ साली म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी ते वेगळं करून दाखवलं, आणि ते हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आहे हे निबंध लिहून जगाला सांगितलं. आपल्या कोकमाच्या सालीतही हेच आम्ल मुख्य आहे.

रसायनशास्त्रज्ञाची कारकीर्द अशा निबंधांनीच बनते. प्रयोग करायचा, तो दुसऱ्याला जसाच्या तसा करता येईल असा लिहायचा, आणि संशोधन-नियतकालिकाकडे पाठवायचा. तिथे त्याच विषयातले दोन-तीन जाणकार तो तपासतात, शंका काढतात, कधी परत पाठवतात. छापून आल्यावर जगातल्या कुणालाही तो वापरता येतो. वापरणाऱ्याने आपल्या निबंधात ‘ही माहिती मी अमुक निबंधातून घेतली’ अशी नोंद करायची असते. ती नोंद म्हणजे सायटेशन. एका निबंधाचा असा उल्लेख शंभर जणांनी केला, तर त्याची शंभर सायटेशन्स.

पुढचे सगळे आकडे या एका नोंदीतून निघतात.

या नोंदी मोजायची कल्पना कुणाची?

युजीन गारफिल्ड या अमेरिकन माणसाची. त्यांची पदवी रसायनशास्त्रातली होती, आणि रासायनिक नावांवरून सूत्र काढण्याचं काम यंत्राला कसं शिकवता येईल यावर त्यांनी डॉक्टरेट केली होती. वकिलांकडे जुना निकाल पुढे कोणकोणत्या खटल्यांत उद्धृत झाला हे दाखवणारे ग्रंथ असत. तसंच विज्ञानात करावं, असं त्यांनी १९५५ साली एका लेखात मांडलं, आणि १९६४ मध्ये त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची बाजारात आली. एखादी कल्पना पुढे कुणीकुणी उचलली याचा माग काढता यावा, हा त्यांचा मूळ हेतू. माणसांना गुण देण्याचं काम त्या सूचीकडे नंतर आलं.

उल्लेख झाला म्हणजे शाबासकी मिळाली का?

नाही. इथे सर्वांत जास्त गल्लत होते, म्हणून आमसुलाचीच गोष्ट थोडी पुढे नेतो.

हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल हाती आल्यावर अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात लोवेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ च्या सुमारास दाखवलं की, शरीरात पिष्टापासून चरबी बनवताना जे एक विकर (एन्झाइम) लागतं, त्याला हे आम्ल अडवतं. झालं. पुढच्या काही दशकांत वजन कमी करण्याच्या गोळ्यांचा मोठा धंदा यावर उभा राहिला. मग १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक चाचणी छापून आली. १३५ लोक, १२ आठवडे, निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना नुसती दिसायला तशी. वजनात लक्षणीय फरक आढळला नाही.

आता या आम्लावर लिहिणारे जुन्या निबंधांचा उल्लेख करतात ते तऱ्हेतऱ्हेने. कुणी आधार म्हणून, कुणी खोडून काढण्यासाठी, कुणी केवळ प्रस्तावनेत पार्श्वभूमी म्हणून. मोजणीत सगळे सारखेच, प्रत्येकी एक. सायटेशन सांगतं ते इतकंच की, या कामाची दखल घेतल्याशिवाय पुढच्याला जाता आलं नाही. बरोबर की चूक, उपयोगी की निरुपयोगी, हे त्यात नसतं.

एच-इंडेक्स: हापूसच्या बागेचा हिशेब

२००५ साली कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एक सुटसुटीत आकडा सुचवला. नुसते निबंध मोजले तर फुटकळ निबंधांचा ढीग घालणारा पुढे जातो. नुसती सायटेशन्स मोजली तर एखाद्या गाजलेल्या निबंधावर कुणी आयुष्यभर तरून जातो. दोन्ही एकत्र कसे बघायचे?

समजा, देवगडच्या एका बागायतदाराकडे दहा कलमं आहेत. यंदा कुठल्या कलमाने किती पेट्या दिल्या ते त्याने उतरत्या क्रमाने लिहिलं: ४०, २२, ९, ६, ५, ३, १, १, आणि दोन कलमं रिकामीच. आता वरून मोजत जायचं. पहिल्या पाच कलमांतल्या प्रत्येकाने निदान पाच पेट्या दिल्या आहेत. सहाव्याने सहा द्यायला हव्या होत्या, दिल्या तीन. म्हणजे या बागेचा आकडा पाच. कलमांच्या जागी निबंध आणि पेट्यांच्या जागी सायटेशन्स ठेवा, की झाला एच-इंडेक्स. एच-इंडेक्स ३० म्हणजे, निदान ३० उल्लेख झालेले ३० निबंध.

याच हिशेबात त्याचे दोषही दिसतात. पहिल्या कलमाने ४० ऐवजी ४०० पेट्या दिल्या, तरी आकडा पाचच राहतो. अपूर्व कामाला वेगळं वजन मिळत नाही. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे वय वाढेल तसा तो वाढतो किंवा आहे तिथे राहतो. तिशीतल्या संशोधिकेची साठीतल्या विभागप्रमुखांशी त्यावरून तुलना करण्यात अर्थ नाही. आणि कलमाला पाणी कुणी घातलं, हे तो विचारत नाही. निबंधावर बारा नावं असली, तर बाराही जणांच्या खात्यात तो पूर्ण जमा होतो.

दोन टक्क्यांची यादी कशी बनते?

बातमीत तिला ‘स्टॅनफर्डची यादी’ म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी ती तयार करतात, त्यासाठी एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीची ‘स्कोपस’ ही सूची वापरतात. २०१९ पासून ती निघते आहे. हा पुरस्कार नव्हे. अर्ज नसतो, निवड समिती नसते. संगणकाने काढलेली क्रमवारी असते.

यादी करणाऱ्यांनी वर सांगितलेले दोष ओळखले आहेत, हे मात्र मान्य करायला हवं. ते एकाच आकड्यावर विसंबत नाहीत, सहा निकष एकत्र करतात. एकूण सायटेशन्स, एच-इंडेक्स आणि सहलेखकांच्या संख्येनुसार सुधारलेला एच-इंडेक्स हे तीन. बाकीचे तीन निकष, माणूस निबंधावर एकटा लेखक आहे, पहिला आहे की शेवटचा, हे बघतात. रसायनशास्त्रात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याचं असतं, शेवटचं प्रयोगशाळा चालवणाऱ्या मार्गदर्शकाचं, म्हणून या जागांना अर्थ आहे. स्वतःच स्वतःचे उल्लेख केले असतील तर ते वगळून काय उरतं, तेही वेगळं दाखवलेलं असतं. मागे घेतलेल्या निबंधांची माहितीही आता यादीत असते.

दोन टक्के ते कुणाचे? निदान पाच निबंध असलेल्या संशोधकांमधले, आणि तेही आपापल्या उपशाखेतले. सगळं विज्ञान १७४ उपशाखांत विभागून ही मोजणी होते, कारण वैद्यकात सायटेशन्सचा पाऊस पडतो आणि गणितात तुरळक. एकूण नावं दोन लाखांच्या आसपास असतात.

आणि याद्या दोन असतात. एक पूर्ण कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षात झालेल्या उल्लेखांची. पहिलीत येणं जास्त अवघड. बातमीत ‘दोन टक्क्यांत’ एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा कुठली यादी हे विचारायला हरकत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर मात्र माणसाचा नसतो

हा नियतकालिकाचा आकडा. आधीच्या दोन वर्षांत त्यात आलेल्या निबंधांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, एवढंच तो सांगतो. ग्रंथपालांना वर्गणी कुठल्या नियतकालिकाची भरावी हे ठरवायला तो उपयोगी पडे. एका नियतकालिकातली बहुतेक सायटेशन्स मोजक्या निबंधांची असतात, म्हणून सरासरीवरून त्यातल्या एखाद्या निबंधाची किंमत करणं चूक आहे. बायोडेटात ‘एकूण इम्पॅक्ट फॅक्टर’ अशी बेरीज लिहायची पद्धत आपल्याकडे आहे. तिला काहीही अर्थ नाही.

मोठं काम, लहान आकडा. आणि उलटंही

फ्रेडरिक सँगर यांना रसायनशास्त्राचं नोबेल दोनदा मिळालं, १९५८ साली इन्शुलिनच्या रचनेसाठी आणि १९८० साली डीएनएची अक्षरं वाचण्याच्या पद्धतीसाठी. त्यांनी निबंध बेताचेच लिहिले, आणि दोन शोधांच्या मधला बराच काळ ते शांतपणे प्रयोगशाळेत पद्धती बसवत राहिले. दर वर्षी आकडा मागणाऱ्या व्यवस्थेत ती मधली वर्षं कशी निघाली असती, याची मला धास्ती वाटते. दुसरीकडे आपले सी. एन. आर. राव: दीड हजारांवर निबंध, प्रचंड सायटेशन्स, २०१४ साली भारतरत्न. दोघेही थोरच, पण कामाची घडण निराळी.

जगात सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध कोणता? ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१ चा, द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजायची पद्धत सांगणारा. तीन लाखांहून अधिक उल्लेख. हा काही महान निबंध नव्हे, असं खुद्द लॉरींनीच म्हटलं होतं. पण जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक प्रयोगशाळेला प्रथिन मोजावंच लागतं.

काही निबंध तर झोपून राहतात. ग्रॅफाइटपासून ग्रॅफाइट ऑक्साइड बनवायची हमर्स आणि ऑफमन यांची कृती १९५८ ची, अवघ्या एका पानात छापलेली. पुढे कित्येक वर्षं फारसं कुणी बघितलं नाही. २००४ मध्ये ग्राफीन, म्हणजे ग्रॅफाइटचा एका अणूइतका पातळ थर, हाती आलं आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्या एका पानाकडे धावल्या.

आपल्या कोकमाचंही असंच झालं. त्याच्या सालीत गार्सिनॉल नावाचा पिवळा पदार्थ असतो. त्याची रचना कृष्णमूर्ती, लुईस आणि रवींद्रनाथ यांनी १९८१ साली मांडली. हे लुईस म्हणजे १९६५ चेच. तब्बल २३ वर्षांनी, २००४ मध्ये, बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तापस कुंडू यांच्या गटाला आढळलं की पेशीतली जनुकं चालू-बंद करणाऱ्या एका विकराला गार्सिनॉल अडवतं. तिथून कर्करोगाच्या प्रयोगशाळांचं लक्ष कोकमाकडे वळलं. (सोलकढीने कॅन्सर बरा होतो, असा याचा अर्थ नाही. हे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवरचे आहेत, आणि तसे संदेश कृपा करून पुढे पाठवू नयेत.) १९८५ साली कुणी त्या तिघांचं मोजमाप केलं असतं, तर यातलं काय दिसलं असतं?

पण इथल्या उपयोगाचं काम कुठे मोजलं जातं?

माझा खरा आक्षेप इथे आहे.

काजूच्या टरफलात एक काळसर, चिकट, जळजळीत तेल असतं. त्यातलं ॲनाकार्डिक आम्ल तापवलं की कार्डेनॉल बनतं, आणि कार्डेनॉलपासून रेझिन, रंग, गाड्यांच्या ब्रेकचे लायनिंग असं बरंच काही तयार होतं. पेट्रोलियमऐवजी झाडापासून मिळणारा कच्चा माल म्हणून जगभरचे पॉलिमर-रसायनशास्त्रज्ञ त्यावर लिहितात आणि एकमेकांचे उल्लेख करतात. या विषयात सायटेशन्स भरपूर.

तेच तेल वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळकडच्या कारखान्यांत काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं भाजतं, काळी करतं. हाताला आधी काय लावावं, कुठला हातमोजा टिकेल, हेही रसायनशास्त्रच आहे. पण ते ज्यांना लागतं त्या बायका निबंध लिहीत नाहीत. तसं काम कुणी केलं, तर ते वापरलं जाईल हजारो हातांवर, आणि सूचीत त्याचा उल्लेख सापडेल तुरळक.

खाड्यांचं तसंच. लोटे परशुराममधल्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न दाभोळ खाडीच्या मच्छीमारांना कित्येक वर्षं छळतो आहे. पाण्यात कुठला धातू किती, ऑक्सिजन किती उरला, भरती-ओहोटीला आकडे कसे बदलतात, हे वर्षानुवर्षं मोजणं चिकाटीचं काम आहे. एकाच खाडीच्या नोंदी म्हणून मोठी नियतकालिकं ते सहसा घेत नाहीत. पण उद्या भोई-खारव्यांना आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडायचं असेल, तर त्यांच्या हाती देण्यासारखं दुसरं काय आहे? दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ कोकमाची जात किंवा ‘वेंगुर्ला-४’ हा काजू शेतकरी लावतात. लावताना ते सायटेशन देत नाहीत. विद्यापीठाच्या मराठी पुस्तिका तर स्कोपसच्या हिशेबात धरल्याच जात नाहीत.

याचा परिणाम सरळ आहे. तरुण संशोधकाला नोकरी टिकवायची असते, म्हणून जगभर ज्याची चलती आहे तो नॅनो-पदार्थ तो निवडतो, आणि घरामागची खाडी राहून जाते. मी त्याला दोष देत नाही.

‘आकडे फुगवतातही म्हणे?’

फुगवतात. स्वतःचेच उल्लेख करायचे, मित्रांनी एकमेकांचे करायचे, काम न करता निबंधावर नाव घालायचं, असे प्रकार जगभर चालतात. आपल्याकडे बढतीसाठी निबंधांची सक्ती आली, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीची तपासणी मांडली. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कुठल्याही प्रतिष्ठित सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी सुमारे ८८ टक्के कमी दर्जाची असावीत, असं त्यात आढळलं.

‘मग हे आकडे बंदच का करू नयेत?’

कारण त्याआधी जे होतं, ते याहून चांगलं नव्हतं. ओळख, शिफारस, कुणाचा विद्यार्थी आणि कुठल्या संस्थेतला, यावर पुष्कळ ठरत असे. मागे कुणी नसलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयातल्या शिक्षकाला ‘माझ्या कामाचा जगात इतक्यांनी उपयोग केला’ हे दाखवायला हा आकडाच हाताशी असतो. तो त्याच्याकडून काढून घेऊ नये. २०१३ साली जाहीर झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचं म्हणणंही असंच आहे: नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची किंमत करू नका, निबंधात काय आहे ते वाचा, आणि धोरणावर, व्यवहारावर झालेला परिणामही धरा. हा शेवटचा भाग आपल्या विद्यापीठांनी मनावर घेतला, तर खाडीचं पाणी मोजणाऱ्यालाही बढती मिळेल.

स्वतः बघायचं असेल तर

गूगल स्कॉलरवर नाव टाकलं की बहुतेकांचं पान निघतं. भारतीय प्राध्यापकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं ‘विद्वान’ हे संकेतस्थळ आहे. गूगलचे आकडे स्कोपसपेक्षा सहसा मोठे असतात, कारण गूगल जास्त प्रकारचं लेखन मोजतं. त्यामुळे एकाचा आकडा इथून आणि दुसऱ्याचा तिथून घेऊन तुलना करू नये. आकड्याच्या खाली निबंधांची यादी असते, तिथला पहिला निबंध उघडून त्याचा सारांश वाचावा. समजला नाही तर लेखकाला विचारावं. आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं तर संशोधक सहसा मनापासून सांगतात, हा माझा अनुभव आहे.

नावांची मात्र काळजी घ्यावी. आद्याक्षर आणि ‘सावंत’ एवढंच शोधलं तर चार वेगळ्या माणसांचे निबंध एका खात्यात दिसू शकतात. बायकांच्या बाबतीत याच्या उलट घडतं: लग्नाआधी सावंत, नंतर राणे, आणि एकीचंच काम दोन नावांत विभागून दोन्हीकडचा एच-इंडेक्स लहान दिसतो. यावर उपाय म्हणून २०१२ पासून ‘ऑर्किड’ नावाचा सोळा आकड्यांचा क्रमांक मिळतो. तो फुकट आहे, एमएस्सीला असतानाच काढता येतो, आणि नाव किंवा संस्था बदलली तरी तोच राहतो.